जांभळ्या ठिपक्याची ट्यूब

१४ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

इकडे माझं बरं चाललं आहे. वहिनींच्या गुडघ्यांना आता कसं आहे? जिने चढू नका म्हणावं. तुझ्या लेकीला नोकरी लागल्याचं कळलं, तिला माझ्याकडून शाबासकी दे.

एकाच गावात राहून बहीण पत्र कसलं लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तू माझं एक वाक्य पूर्ण होऊ देत नाहीस, म्हणून लिहिते. कागदाला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतो.

गुरुवारी तू पाठवलेला टेम्पो मी परत पाठवला. ड्रायव्हर बिचारा दारात उभा राहून म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, खोलीतलं सगळं भंगारात." मी म्हटलं, "साहेबांना सांग, बाई घरी होत्या." त्याला काही समजलं नाही, पण तो गेला. माझ्यावर रागावू नकोस असं लिहिणार होते. पण रागावलास तरी चालेल.

आपल्या भावाची, बापूची खोली रिकामी करायची नाही. निदान आत्ता नाही. तिथे एक काम अर्धं राहिलं आहे.

काय काम ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. बापू गेल्यावर माणसं भेटायला येत होती, त्यांत कॅप्टन आले होते. ते कधीच कॅप्टन नव्हते. जहाजावर वायरलेस सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि बापूनेच त्यांना ती बढती दिली होती. त्यांचा जुना स्कोप, विजेची लाट काचेवर दाखवणारं ते यंत्र, बापूकडे दुरुस्तीला होता. निघताना त्यांनी संकोचत विचारलं, "माझं यंत्र नेऊ का? आज विचारू नये, पण मी लांबून येतो." त्यांनी ते उचललं आणि उचलल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. वजन हाताला कळतं. समोरच्या काचेतून त्यांनी आत पाहिलं, तर पलीकडचा पत्रा दिसत होता. ट्यूबच नव्हती. ज्या काचेच्या नळीवर ती हिरवी रेघ उमटते, ती अख्खी नळीच जागेवर नव्हती.

खोलीत सात-आठ माणसं होती. सगळी वळून पाहू लागली. तेव्हा तू म्हणालास, "बापूला इकडचं तिकडे करायची सवयच होती हो. नड असेल, विकली असेल कुणाला. तुम्ही काळजी करू नका, मी तुम्हाला नवा कोरा घेऊन देतो." आणि कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवलास. मागे कुणीतरी म्हणालं, "थोरल्याचं मन मोठं आहे." मी कप गोळा करत होते. मी काही बोलले नाही. मला बोलायला वेळ लागतो, हे घरात कुणाला नवीन नाही.

त्या वाक्याने काय झालं ते तू पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. पुढच्या आठवड्यापासून बापूची गिऱ्हाइकं यायला लागली. आधी दुःख व्हायचं, मग पाणी प्यायचं, मग आपलं यंत्र मागायचं. आणि ते नेण्याआधी, दाराच्या बाहेर पायरीवर ठेवून, झाकण उघडून बघायचं. एकाने तर घरून पेचकस आणला होता. ज्याच्याकडे वीस वर्षं डोळे मिटून यंत्रं टाकली, त्याच्या दारात बसून ही माणसं आतल्या नळ्या आणि डबे मोजत होती. रेडिओ स्टेशनातून निवृत्त झालेले ते चष्मेवाले मला म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, हल्ली काळच तसा आहे." मी म्हटलं, "काळाचं मला माहीत नाही. तुमचं यंत्र नीट बघून घ्या, घाई नाही." सगळ्यांचं सगळं जागेवर होतं. एकाचाही स्क्रू कमी निघाला नाही. पण जाताना कुणी मान वर करून गेलं नाही, आणि कुणी परत आलं नाही.

सगळं जागेवर होतं, कारण बापूची एक पद्धत होती. तुला ती माहीत नसेल. तिचा उगम माझ्या लॅबमध्ये आहे. आमच्याकडे रक्ताच्या बाटल्यांना वेगवेगळ्या रंगांची टोपणं असतात. एक बाटली दुसऱ्याच्या नावावर गेली की भलत्या माणसाला भलतं औषध जातं. मी हे एकदा जेवताना सांगितलं, आणि बापूने दुसऱ्या दिवशी मला नखांना लावायचं रंगीत पॉलिश आणायला पाठवलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक रंग. यंत्र दुरुस्तीला आलं की उघडायचं आणि काढता येईल अशा प्रत्येक वस्तूवर त्या रंगाचा ठिपका ठेवायचा. म्हणजे टेबलावर पाच यंत्रं उघडी पडली तरी कुणाचं काही कुणात जाणार नाही. रंग आणायला मीच जायचे. दुकानातल्या मुलीला वाटायचं, या वयात बाईंचं काहीतरी जमलंय. कॅप्टनचा रंग चमकीचा जांभळा आहे. असला जांभळा सर्कशीतल्या बाईनेही लावला नसता.

आता मुद्द्याचं. तू कॅप्टनसाठी पाठवलेला तो नवा डिजिटल स्कोप मी त्यांना दाखवला. त्यांनी बटणं दाबून पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. यात पंचांगही असेल." मग खोकं बंद करून माझ्याकडे सरकवलं. "बाई, मला नवं नको. मला माझं हवं." ते खोकं मी तुझ्या कारखान्याच्या गेटवर देऊन आले आहे. पोचपावती घेतली आहे.

मी त्यांना त्यांची ट्यूब शोधून देणार आहे. ती कुठे आहे ते मला अजून माहीत नाही. नाही मिळाली तर तसलीच दुसरी शोधेन. बापूने चोरी केली असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाटून घ्यावं. मला ते मान्य नाही, आणि ते मी नुसतं मनात ठेवणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण


९ एप्रिल

ती. दादास,

सा. न. माझ्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. वहिनींचा फोन मात्र आला. "वन्सं, हे म्हणतात, मेलेल्या माणसाची लाज वेशीवर टांगू नका. जुनं उकरून कुणाचं भलं झालंय?" मी वहिनींना म्हटलं, "लाज टांगली त्याला महिना उलटून गेला. मी ती उतरवायला शिडी शोधतेय." वहिनी हसल्या आणि लगेच हसू आवरलं. त्यांच्या मागे तू उभा असावास.

शोधाशोधीची हकीकत सांगते. तू याच धंद्यातला, तुला मजा वाटेल.

मला इतकी वर्षं स्कोप म्हणजे विजेचा ईसीजी, एवढंच माहीत होतं. आता ट्यूबचा नंबर मला माझ्या जन्मतारखेसारखा पाठ आहे. लॅबमधून सुटले की शोधायला बाहेर पडायचं. जुन्या बाजारात गेले. तिथला माणूस म्हणाला, "आहे ना ताई, उद्या या." उद्या गेले तर त्याने टीव्हीची ट्यूब काढून ठेवलेली, एवढी मोठी, की रिक्षात शेजारी बसवून न्यावी लागली असती. मी म्हटलं, हा नंबर नव्हे. तो म्हणाला, "नंबराचं काय घेऊन बसलात, काच काचच असते." टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग म्हणाले, "ही ट्यूब आणि हत्तीचं अंडं, दोन्ही एकाच दुकानात मिळतील. दुकान सापडलं की मलाही कळवा."

लांबून एकाने पार्सलने पाठवली. नंबर बरोबर, खोकं कोरं, आणि उघडलं तर मान तुटलेली. त्याने ती कागदाच्या एका घडीत गुंडाळली होती, वडा द्यावा तशी. दुसऱ्या एकाची आली ती अखंड होती, पण मागच्या पिनांची ठेवण निराळी. कॅप्टन ती हातात फिरवून म्हणाले, "जावई चांगला आहे, पण आपल्या घरचा नाही."

हो, कॅप्टन येतात. शनिवारी दुपारी. आधी फक्त "मिळाली का?" विचारायला यायचे आणि खुर्चीच्या कडेवर बसायचे. मग एकदा म्हणाले, ट्यूब येईपर्यंत बाकीचं तरी करून ठेवू. आता आम्ही दोघं मिळून त्यांच्या यंत्राची साफसफाई करतो. ते सांगतात, मी करते, कारण त्यांचे हात थरथरतात. मला झाळकाम येतं, तारा सोल्डर करता येतात, हे मलाच नवीन आहे. पहिले दोन टाके इतके वाईट आले की कॅप्टन म्हणाले, "हे टाके आहेत की चिमणीची घाण?" आता बरे येतात. बापूच्या खुर्चीत मी बसत नाही. स्टुलावर बसते.

कॅप्टननी बापूबद्दल वाईट शब्द काढला नाही. चांगलाही काढला नाही.

मग गेल्या आठवड्यात खोकेवाल्याकडे गेले. बापूच्या तोंडी त्याचं नाव नेहमी असायचं. बंद पडलेल्या कारखान्यांचा, प्रयोगशाळांचा न वापरलेला माल तो उचलतो. तीन खोल्या छतापर्यंत खोक्यांनी भरलेल्या, आणि तो स्वतः मध्ये एका फळीवर बसलेला. मी कागद पुढे केला. त्याने नंबर वाचला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही बापूंच्या कोण?"

"बहीण."

"मग अजून कागद काय दाखवता? त्यांनीच सांगून ठेवली होती ही. माझ्याकडे एक आली आहे. मला वाटलं, आता कुणाला हवी? म्हणून कळवलं नाही."

मी विचारलं, बापूला ही कशाला हवी होती. तो म्हणाला, "भावाच्या कारखान्यातल्या स्कोपची ट्यूब गेली होती ना. तपासणीवाले यायचे होते म्हणे. तेवढ्यापुरती एका गिऱ्हाइकाची उसनी घातली होती. मला रोज फोन. म्हणायचे, खोकेवाले, आयुष्यात एकदाच नियम मोडला आणि घशात काटा अडकलाय. त्या माणसाचा फोन वाजला की मला घाम फुटतो."

मी ट्यूब घेतली. खोकेवाल्याने ती एका जुन्या उशीत बांधून दिली. घरापर्यंत मांडीवर धरून आणली.

घरी येऊन मी बापूचं कपाट उघडलं. खालच्या फळीवर जुन्या टॉवेलमध्ये काहीतरी गुंडाळलेलं आहे हे मी पूर्वी पाहिलं होतं, पण त्याचा टॉवेल, म्हणून सोडला नव्हता. आत एक ट्यूब होती. त्याच नंबरची, आतून काळवंडलेली, मेलेली. तिच्या मागच्या टोपीवर विटकरी रंगाचा ठिपका आहे. विटकरी रंग कुणाचा ते बापू मला एकदा हसत म्हणाला होता. "कारखान्याच्या भिंतीसारखा आण. घरचं गिऱ्हाईक आहे."

मी तिथेच जमिनीवर बसले. दादा, मी धंद्यातली नाही, पण एवढं मलाही समजतं. दोन्ही यंत्रं एकाच जातीची. कॅप्टनची चांगली ट्यूब काढली, तेव्हा ही मेलेली बापूच्या हातातच होती. ती कॅप्टनच्या यंत्रात बसवून टाकायला त्याला चहा पिण्याइतका वेळ लागला असता. मग कॅप्टनना सांगायचं, जुनी ट्यूब होती, गेली, माझा इलाज नाही. कॅप्टननी मान हलवून यंत्र नेलं असतं आणि जन्मात कुणाला पत्ता लागला नसता. बापूने तसं केलं नाही. मेलेली टॉवेलात बांधून ठेवली आणि कॅप्टनच्या यंत्राचं तोंड उघडं ठेवलं, टेबलावर, येता-जाता आपल्याला दिसेल असं.

चोराने भोक बुजवलं असतं.

नियम त्याने मोडला. तो मी झाकत नाही. गिऱ्हाइकाची वस्तू दुसऱ्याला द्यायची नसते, घरच्याला तर मुळीच नाही. पण मोडला कुणासाठी, ते आता मला माहीत आहे.

तुला एकच विचारते. तुझ्या तपासणीच्या खोलीतला स्कोप सध्या कसा चालतो आहे?

उत्तर लिहून पाठव. दोन ओळी पुरेत. वहिनींच्या हाती निरोप नको.

बहीण


२७ एप्रिल

दादा,

काल संध्याकाळी तुझा फोन आला. मी नमस्कार म्हणायच्या आत तू सुरू झालास. "मी गावाला पाठ फिरवली नाही तोच माझ्या कारखान्यात घुसून चोरी करतेस, लोकांना काय तोंड दाखवू, घरात एक होता, आता दोन चोर झाले." मग फोन आपटलास.

चोर मोजायचेच असतील तर नीट मोजू.

उत्तरासाठी मी दोन आठवडे थांबले. तू प्रदर्शनाला बाहेरगावी गेलास हे वहिनींनी सांगितलं. त्यांचा यात काही दोष नाही, त्या सहज बोलल्या. मी लॅबमध्ये रजा टाकली, बापूचे पेचकस डब्याच्या पिशवीत घातले आणि तुझ्या गेटवर गेले. घुसले नाही. वॉचमनने सलाम केला. "साहेबांच्या बहीण" म्हणून त्याने वहीत लिहिलं आणि मी सही केली. चोरांची तशी पद्धत नसावी.

तपासणीच्या खोलीत तुझा फोरमन होता. मी त्याला सरळ सांगितलं की मला या स्कोपचं झाकण उघडायचं आहे. त्याचा चेहरा उतरला. "ताई, साहेबांनी सांगून ठेवलंय, याला कुणी हात लावायचा नाही. झाकण तर नाहीच."

"कधीपासून सांगितलंय?"

"बापू गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

मी पिशवीतून पेचकस काढला. मग त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझी चहाची वेळ झाली. मी चहा सावकाश पितो." दारापर्यंत गेला, परत वळला. "आधी वीज उतरवून घ्या हं ताई. बंद केली तरी ती आत दबा धरून बसते." आणि भिंतीवरची रबराच्या मुठीची तार माझ्या हातात देऊन गेला. त्याला कामावरून काढायचं तुझ्या मनात असेल तर आधी माझ्याशी बोल. तुझ्या कारखान्यात त्या दिवशी घाबरूनही सरळ वागलेला माणूस तोच.

झाकण काढलं. कॅप्टनच्या रिकाम्या यंत्रावर मी शनिवार-शनिवार सराव केला होता. मागची टोपी दिसली. तिच्यावर चमकीचा जांभळा ठिपका.

मला वाटलं होतं, तो दिसला की मला रडू येईल. नाही आलं. राग आला, आणि तो अजून आहे, आणि तो मला मानवतो आहे.

ती ट्यूब मी काढून घेतली. तुझ्या यंत्राचं तोंड उघडं ठेवलेलं नाही. विटकरी ठिपक्याची ट्यूब त्यात परत बसवली आहे, पट्ट्या घट्ट आवळून, सगळ्या पिना जागेवर. आता तुझ्या यंत्रात तुझीच ट्यूब आहे. ती पेटत नाही, एवढंच.

फोरमन चहा पिऊन आला तेव्हा मी स्क्रू लावत होते. तो खाली बसून मला मदत करायला लागला आणि बोलायला लागला. मी विचारलं नव्हतं. म्हणाला, बापू ट्यूब न्यायला दोनदा आले होते. पहिल्यांदा साहेब म्हणाले, ही एक ऑर्डर जाऊ दे. दुसऱ्यांदाही तेच. "दुसऱ्यांदा खाली जाताना जिन्यात बसले होते ताई, छातीवर हात ठेवून. मी पाणी दिलं. म्हणाले, काही नाही रे, जिना उंच आहे तुमचा." त्यानंतर किती दिवसांनी बापू गेला, ते त्याने सांगितलं नाही. मला ते माहीत आहे.

दादा, बापूच्या छातीचं खापर मी तुझ्या माथ्यावर फोडणार नाही. डॉक्टरांनी मला सगळं दाखवलं. दुखणं जुनं होतं, तो सांगत नव्हता. माझ्याच लॅबमध्ये त्याचं रक्त मी तपासलं होतं. कुठल्या तरी जिन्यात तो बसलाच असता. पण तो तुझ्या जिन्यात बसला, दुसऱ्याची वस्तू तुझ्याकडून परत मागून, रिकाम्या हाताने उतरताना. आणि तो गेल्यावर त्याच्याच खोलीत उभा राहून तू म्हणालास, विकली असेल.

एक वाक्य बोलायचं होतं. "ट्यूब माझ्याकडे आहे, उद्या आणून देतो." कॅप्टन रागावलेही नसते. तुला तेवढं जड का गेलं, याचा मी पुष्कळ विचार केला. तपासणीवाल्यांना उसन्या ट्यूबचं यंत्र दाखवलंस, ते बाहेर येईल म्हणून? की ऑर्डर अडकेल म्हणून? की त्या वेळी तोंडातून निघून गेलं आणि मग मागे येता येईना? तिसरं असेल तर मी समजू शकते. पहिली दोन असतील तरी समजू शकते. पण समजलं म्हणून सोडून द्यायचं, असं बाईमाणसाने करावं, धाकट्याने करावं, अशी आपल्या घरात रीत पडली होती. बापूने ती आयुष्यभर पाळली. मी पाळणार नाही.

काल कॅप्टन आले. ट्यूब मी टेबलावर ठेवली होती. त्यांनी ती उचलली, मागे वळवून ठिपका पाहिला, आपल्या यंत्राच्या स्क्रूवरचा ठिपका पाहिला. पुन्हा ट्यूब पाहिली.

"ही माझीच आहे."

"हो."

"कुठे होती?"

"ज्याच्याकडे होती, तो येऊन सांगेल."

त्यांनी ट्यूब टेबलावर ठेवली. म्हणाले, "तुमचा भाऊ?"

मी म्हटलं, "कुठला, ते त्यालाच सांगू दे."

मग आम्ही ती बसवली. यंत्र तापायला वेळ लागतो. आधी काचेवर नुसतं हिरवं धुकं आलं, मग ते आकसत आकसत रेघ झाली, बारीक, आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कॅप्टननी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं, जहाजाचा भोंगा वाजावा तसं. म्हणाले, "बापूंना मी मनातून शिव्या दिल्या, बाई. आता त्या परत कशा घेऊ?" मी म्हटलं, "शनिवारी या. बाकीच्यांनाही घेऊन या."

म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी दुपारी मी बापूच्या सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावलं आहे. ज्यांनी पायरीवर झाकणं उघडून पाहिली, त्या प्रत्येकाला. चष्मेवाले येणार आहेत. खोकेवाला येणार आहे. कॅप्टनचं यंत्र टेबलावर चालू असेल. त्या दिवशी जी माणसं खोलीत होती, ती जवळजवळ सगळी असतील.

खोकेवाल्याकडून आणलेली चांगली ट्यूब इथे आहे. तिच्यावर मी विटकरी ठिपका ठेवला आहे. बापूने ती तुझ्यासाठी शोधली होती, म्हणून ती तुझीच. मी ती अडवून धरलेली नाही. तू काही बोललास तरी तुझी, न बोललास तरी तुझी. पण मी ती टेम्पोतून पाठवणार नाही आणि ड्रायव्हरच्या हाती देणार नाही. ती तुला खोलीत येऊन, माणसांसमोर, हातात घ्यावी लागेल.

ज्या जागी उभा राहून तू ते वाक्य बोललास, तिथेच उभा राहून खरं काय ते सांग. लांबवू नकोस, शोभिवंत करू नकोस. ऑर्डरचं, तपासणीचं काही सांगायची गरज नाही. ट्यूब माझ्याकडे होती, बापूने ती विकली नव्हती, मी खोटं बोललो. एवढंच. लोक काय म्हणतील याची भीती वाटत असेल तर ऐक. ते बापूबद्दल काय म्हणत होते, ते मी दारात उभी राहून ऐकलं आहे. माणूस त्याने मरत नाही.

तू आला नाहीस तर मी सांगेन. मला वेळ लागेल, आवाजही फार नाही. पण सगळे शांत बसून ऐकतील, आणि शेवटपर्यंत ऐकतील. आणि मग तुझ्याबद्दल जे सांगितलं जाईल ते तुझ्या तोंडचं नसेल, माझ्या तोंडचं असेल. त्यात मी तुला सवलत देणार नाही.

खोली मी ठेवणार आहे. चष्मेवाल्यांच्या शेजाऱ्याचं एक मीटर आलं आहे, काटा हलत नाही म्हणतात. मी ते ठेवून घेतलं आहे आणि त्यावर हळदी रंगाचा ठिपका ठेवला आहे. जमेल की नाही ते माहीत नाही. पण ज्याचं आहे त्याला सगळंच्या सगळं परत मिळेल, एवढं मी लिहून देते.

शनिवारी, चार वाजता.

आधी बापूची बहीण,
मग तुझी